आरोग्य विम्याची पात्रता रुग्णालयाच्या दारात कळू नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आषाढात माझी आई मोरीत पाय घसरून पडली आणि तिच्या उजव्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हा तिचे वय ८७ होते. शासकीय आरोग्य योजनेच्या यादीत आहे म्हणून मुद्दाम निवडून, शहरातील एका खासगी रुग्णालयात आम्ही तिला नेले. तिथे तिला स्ट्रेचरवरच ठेवून आम्हाला आधी ४० हजार रुपये अनामत भरायला सांगण्यात आले. योजनेचे काय, असे विचारल्यावर शिधापत्रिका मागितली गेली आणि ती उघडल्यावर लक्षात आले की तिच्यात आईचे नावच नाही. २०१६ मध्ये आम्हा भावांची कार्डे वेगळी झाली तेव्हा आईचे नाव माझ्या कार्डावरून कमी झाले. ते मधल्या भावाच्या कार्डावर चढायचे होते, पण चढले नाही. पुढची सगळी वर्षे ती माझ्याच घरात राहिली, माझ्याच घरात जेवली, पण शासनाच्या लेखी ती कोणाच्याच कुटुंबात नव्हती. त्या दुपारी पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून आम्ही अनामत भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करण्यासाठी रुग्णालयात नेमलेले कर्मचारी, भेटले तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "आजी सत्तरच्या पुढच्या आहेत ना, मग वय वंदना कार्ड का काढले नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी वीस वर्षांहून अधिक काळ कारखान्यात हिशेब लिहिले, रोजचे वर्तमानपत्र वाचतो, आणि तरीही माझ्या आईचा हक्क मला ठाऊक नव्हता.

त्या रुग्णालयाची तक्रार करण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. आईची शस्त्रक्रिया अखेर योजनेतून झाली आणि ती आज काठी धरून घरात फिरते. मात्र त्या चार दिवसांनंतर मी या विषयाची माहिती नेटाने गोळा केली. म्हातारपणी किंवा अपंगत्वात सरकारी आरोग्य विमा नेमका कोणाला मिळतो, कोणाला मिळत नाही आणि कोणाला मिळत असूनही हाती पडत नाही, हे आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे आणि त्यातील दोन-तीन अन्यायकारक गोष्टींकडे लोकप्रतिनिधींचे लक्ष जावे, अशी माझी इच्छा आहे. आमच्या एकाच घरात तीन प्रकारची माणसे आहेत: आई, जी आता ८८ वर्षांची आहे, मी स्वतः, जो ६६ वर्षांचा आहे, आणि माझा सर्वांत धाकटा भाऊ, जो ५४ वर्षांचा असून जन्मतः सेरेब्रल पाल्सीमुळे अपंग आहे. तिघांची पात्रता तीन वेगवेगळ्या वाटांनी जाते.

आधी आईची वाट सांगतो, कारण ती सर्वांत सरळ आहे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा ती २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात वंचित ठरलेल्या कुटुंबांपुरतीच होती. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, या योजनेत घेण्याचा निर्णय घेतला आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डे मिळू लागली. या कार्डासाठी पिवळी, केशरी, पांढरी अशी कोणतीही शिधापत्रिका लागत नाही आणि उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार रोख पैसे न भरता होतात आणि आधीपासून असलेला मधुमेह किंवा हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरला जातो. घरात ७० वर्षांवरील दोघे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. कुटुंब आधीच आयुष्मान योजनेत असेल तर ७० वर्षांवरील व्यक्तीसाठी ५ लाखांचे वेगळे संरक्षण मिळते, ज्याला घरातील तरुणांच्या आजारपणाचा धक्का लागत नाही. खासगी विमा असलेला किंवा राज्य कामगार विम्यातील (ईएसआय) वृद्धही हे कार्ड काढू शकतो. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असणाऱ्यांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावी लागते.

माझी वाट राज्याच्या योजनेतून जाते, आणि ती सोलापूरकरांना खरे तर सर्वांत आधी ठाऊक असायला हवी. कारण २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या ८ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला जिल्हा होता. पुढे २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना झाले आणि २०२० मध्ये ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. पूर्वी दीड लाख रुपयांचे संरक्षण होते आणि पांढऱ्या कार्डाला योजनेत जागा नव्हती, म्हणून अजूनही कितीतरी लोक "आपले कार्ड पांढरे, आपल्याला काही मिळत नाही" असे म्हणून गप्प बसतात. २८ जुलै २०२३ चा शासन निर्णय जुलै २०२४ पासून लागू झाला आणि ही अट गेली. आता पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबे योजनेत आहेत आणि संरक्षण वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख रुपयांचे झाले आहे. ज्यांच्याकडे शिधापत्रिकाच नाही त्यांच्यासाठी अधिवास प्रमाणपत्राची सोय आहे, आणि शासनमान्य वृद्धाश्रमांत राहणाऱ्यांनाही योजनेत वेगळे स्थान दिलेले आहे. म्हणजे ६० ते ६९ वयाचा सोलापूरकर उघड्यावर पडलेला नाही. परंतु त्याचा हक्क त्याच्या वयाचा नाही, तो शिधापत्रिकेचा आहे. नाव कार्डावर असेल तर हक्क आहे, नसेल तर नाही.

म्हणूनच शिधापत्रिकेवरील नावाबद्दल दोन शब्द अधिक लिहितो. मुले वेगळी होतात, कार्डे फुटतात, आणि या फाटाफुटीत म्हाताऱ्या आईचे, विधवा आत्याचे किंवा अपंग भावाचे नाव गळून पडते. कोणी हे दुष्टपणाने करत नाही. धान्य घरात येत असते, म्हणून कोणाचे लक्षच जात नाही. पूर्वी नाव गळले तर फार तर पाच किलो धान्य कमी मिळे. आज नाव गळले तर ५ लाख रुपयांचा विमा जातो, आणि हे नाव कमी करून देणाऱ्या कार्यालयातही कोणी सांगत नाही. नाव कमी केल्याचा दाखला देताना ते दुसरीकडे चढल्याची खात्री त्याच कार्यालयाने का करू नये?

आता धाकट्या भावाविषयी लिहितो, कारण या पत्रातील माझे खरे म्हणणे त्याच्याविषयीचे आहे.

त्याला धरल्याशिवाय उभे राहता येत नाही, बोलणे आम्हा घरच्यांनाच समजते, आणि त्याच्या वैश्विक ओळखपत्रावर (दिव्यांगांना शासनाकडून मिळणाऱ्या यूडीआयडी कार्डावर) अपंगत्व ७५ टक्के असे नोंदलेले आहे. आयुष्मान भारतच्या मूळ निकषांत अपंगत्वाचा उल्लेख होता, पण तो कसा होता हे पाहण्यासारखे आहे. ग्रामीण भागात, ज्या कुटुंबात अपंग सदस्य आहे आणि धडधाकट प्रौढ एकही नाही, ते कुटुंब पात्र ठरले. घरात माझ्यासारखा एक हातीपायी धड माणूस असला की हा निकष संपला. शहरांसाठी तर अपंगत्वाचा निकषच नव्हता. तिथे पात्रता ११ प्रकारच्या कामांवरून ठरली: कचरा वेचणारे, घरकामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर, सफाई कामगार, घरी बसून वस्तू बनवणारे, वाहनचालक, दुकानातील नोकर, दुरुस्ती कामगार असे. हे सगळे कष्टकरी आहेत आणि त्यांना विमा मिळालाच पाहिजे. पण ज्याला शरीराने कोणतेच काम करू दिले नाही, तो माणूस कामांच्या यादीत कुठे सापडणार?

राज्याच्या योजनेत आज त्याचे नाव माझ्या केशरी कार्डावर आहे, म्हणून तो पात्र आहे. परंतु ५ लाख रुपये संपूर्ण कुटुंबाचे आहेत. एखाद्या वर्षी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया निघाली किंवा सूनबाईला मोठे आजारपण आले, तर त्याच्या वाट्याला काय उरेल? ७० वर्षांवरील वृद्धाच्या बाबतीत शासनाने हा प्रश्न ओळखला आणि त्याला वेगळे संरक्षण दिले. घरातल्या घरात उपचारांसाठी चढाओढ लागली तर म्हातारा माणूस आपणहून मागे सरतो, हे त्यामागचे कारण असावे, असे मी मानतो. मग जो माणूस मागे सरण्याइतकेही बोलू शकत नाही, त्याच्यासाठी वेगळे संरक्षण का नसावे? त्याचा हक्क माझ्या कार्डाला बांधलेला आहे, आणि मी त्याच्यापेक्षा १२ वर्षांनी मोठा आहे.

भावाच्या प्रकारच्या अपंगत्वासाठी केंद्राची निरामय योजना आहे, हे कृतज्ञतेने नमूद करतो. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, आणि विशेष म्हणजे बाह्यरुग्ण तपासणी, औषधे व नियमित उपचारपद्धतींचा खर्चही धरला जातो. आधी पैसे भरून नंतर बिले पाठवावी लागतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मार्चअखेरची ती तारीख एका वर्षी माझ्याकडून चुकली आणि त्या वर्षीचा भावाच्या फिजिओथेरपीचा सगळा खर्च घरातून झाला. पण माझी चूक बाजूला ठेवली, तरी ही योजना चारच प्रकारच्या अपंगत्वांसाठी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार मानले आहेत. अंध, कर्णबधिर, कुष्ठरोगातून बरे झालेले, थॅलेसेमिया, हिमोफिलिया किंवा सिकलसेल असलेले, पार्किन्सनने हात कापणारे, यांपैकी कोणालाही निरामय मिळत नाही.

त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये शासनाने दिव्यांगांसाठी कोणकोणत्या सामाजिक सुरक्षा योजना कराव्यात हे सांगताना, राज्य कामगार विमा किंवा अन्य सरकारी विमा योजनेत न बसणाऱ्या दिव्यांगांसाठी सर्वंकष विमा योजना असे स्पष्ट लिहिलेले आहे. इतकेच नव्हे, तर सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तुलनेत किमान २५ टक्के अधिक असावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. कायदा करून इतकी वर्षे झाली. माझी मागणी नव्या कायद्याची नाही. आहे त्या कायद्यानुसार, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे वैश्विक ओळखपत्र ज्याच्याकडे आहे, त्याला वय व उत्पन्न न पाहता वय वंदनासारखेच स्वतःच्या नावाचे आरोग्य कार्ड मिळावे, एवढीच आहे.

ही कल्पना कुठे तपासलेली नाही असेही नाही. अमेरिकेत वृद्धांसाठीचा मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा १९६५ च्या कायद्याने ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी आला आणि १९७२ च्या दुरुस्तीने तो ६५ वर्षांखालील दीर्घकालीन अपंगांना व मूत्रपिंड निकामी झालेल्यांनाही लागू झाला. तिथे अपंगांना सहसा २४ महिने थांबावे लागते, तेव्हा सगळे तिथले घ्यावे असे मी म्हणत नाही. पण म्हातारपणात माणसाची कमाई थांबते आणि दवाखाना वाढतो, तेच अपंगत्वातही होते, म्हणून दोघांना एकाच छताखाली आणावे हा विचार ५० वर्षांपूर्वीचा आहे.

आता वयाच्या पुराव्याकडे वळतो. वय वंदना कार्डासाठी वय आधारवरून ठरते, दुसरा पुरावा चालत नाही. माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, साखर पेठेत राहते. तिच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी १९६१ अशी आहे. तिच्या थोरल्या मुलाचा महापालिकेचा जन्मदाखला १९६९ सालचा आहे. आठव्या वर्षी कोणी आई होत नाही, हे कोणालाही कळते. खरे तर ती पंचाहत्तरीच्या आसपास आहे. आधार काढण्याच्या शिबिरात कोणीतरी विचारले, तिने "असेल साठीच्या आत" असे काहीतरी सांगितले, आणि लिहिणाऱ्याने एक तारीख टाकून दिली. ज्या पिढीतील बायका शाळेत गेल्याच नाहीत, ज्यांचा जन्म घरी सुइणीच्या हातून झाला, त्यांची वये अशीच अंदाजाने लिहिली गेली. आधारवरील जन्मतारीख एकदाच बदलता येते आणि त्यासाठी जन्माचा कागद लागतो. तो कागद असता तर ही वेळच आली नसती.

इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका मोटार अपघात भरपाईच्या प्रकरणात, वय ठरवण्यासाठी आधार हा योग्य पुरावा नाही, शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरावा, असे म्हटले. आधार देणाऱ्या प्राधिकरणानेही आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, हे जाहीर केलेले आहे. आणि त्या निकालानंतर पाचच दिवसांनी सुरू झालेल्या योजनेत म्हाताऱ्या माणसाचे वय केवळ आधारवरून ठरू लागले. निराधार वृद्धांना निवृत्तीवेतन देणाऱ्या राज्याच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांच्या वयासाठी मतदार यादीचा उतारा चालतो, आणि काहीच नसेल तर शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी दिलेला वयाचा दाखलाही चालतो. म्हणजे निरक्षर माणसाचे वय ठरवण्याची रीत शासनाकडे अनेक वर्षांपासून आहे. तीच वय वंदनासाठी लागू करायला काय अडचण आहे?

वय बरोबर असले तरी ओळख पटवण्याचे काम राहतेच. माझ्या आईने ४० वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप घेऊन तेंदूचे पान कात्रीने कापायचे, जर्दा भरायचा, वळायची, दोरा गुंडाळायचा, आणि दिवसाला हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा. तिच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर आज रेषा उरलेल्या नाहीत. तिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत झालेली आहे. रुग्णालयातील खाटेवर कार्ड काढताना यंत्रावर तिचा अंगठा चार वेळा ठेवला, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा ठेवला, तरी यंत्राने ओळखला नाही. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी कुठे येणार? शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवायचे ठरले. त्यासाठी मोबाइलसमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. वेदनाशामक इंजेक्शनच्या गुंगीत ती डोळे मिटून पडली होती, आणि मी तिच्या कानाशी सांगत होतो, "आई, अगं डोळे उघड. आता मीट. आता परत उघड." दहाव्या-बाराव्या प्रयत्नाला ते जमले. हेच काम ती बरी असताना घरी, आमच्या ओसरीवर बसून, आयुष्मान ॲपवर पाच मिनिटांत झाले असते.

सोलापूरच्या पूर्व भागात अशा बोटांच्या हजारो बाया आहेत. त्यांतल्या अनेकींना विडी कामगार म्हणून ओळखपत्र आहे, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आहे, तेव्हा त्यांची यादी करणे अवघड नाही. त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड बोलली जाते. म्हणून योजनेचे फलक लावायचे तर ते मराठीबरोबर या भाषांतही लावावेत, आणि रुग्णालयांच्या दारांपेक्षा रेशन दुकानांच्या दारांवर लावावेत.

सत्तरीची अट स्वतःही मला योग्य वाटत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा ६० वर्षांच्या माणसाला ज्येष्ठ मानतो, निराधारांचे निवृत्तीवेतन ६५ व्या वर्षी मिळते, एस. टी. चा प्रवास ७५ व्या वर्षी मोफत होतो, आणि वेगळा आरोग्य विमा ७० व्या वर्षी. यंत्रमागावर १२ तास उभे राहणाऱ्याचे गुडघे आणि सुताच्या धुरळ्यात आयुष्य काढलेल्याची छाती सत्तरीची वाट पाहत नाहीत. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनेही २०२५ मध्ये ही मर्यादा ६० वर्षांवर आणण्याची शिफारस केलेली आहे. खासगी विम्याचे म्हणाल, तर एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची कमाल मर्यादा उठली, पण जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते आणि हप्ता माझ्यासारख्याच्या पेन्शनीत बसत नाही.

कारखान्यांत नोकरी केलेल्यांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो, कारण ती मला निवृत्तीनंतर तब्बल ८ वर्षांनी कळली. राज्य कामगार विमा योजनेत किमान ५ वर्षे विमाधारक राहून जो कामगार निवृत्तीच्या वयात नोकरीतून बाहेर पडतो, त्याला वर्षाला केवळ १२० रुपये भरून स्वतःसाठी व पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. कामावरील अपघाताने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटली, तरी निवृत्तीच्या वयापर्यंत याच रकमेत ही सेवा मिळते. यात बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधेही येतात, जी आयुष्मान किंवा महात्मा फुले योजनेत येत नाहीत, कारण त्या योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांच्या आहेत. म्हाताऱ्या माणसाचा मोठा खर्च महिन्याच्या गोळ्यांवर होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या १२० रुपयांचे मोल कळते. मी ज्या टॉवेल कारखान्यात होतो तिथे निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ मिळाले, पण ही माहिती मिळाली नाही. आपल्या शहरात अक्कलकोट रस्त्यावरच्या, होटगी रस्त्यावरच्या कारखान्यांतून दरवर्षी माणसे निवृत्त होतात. त्यांच्या हातात शेवटच्या पगाराबरोबर एवढी एक चिठ्ठी मालकांनी द्यावी.

दिव्यांगांसाठी महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. त्यातून शहरातील पात्र मुलामाणसांचे निरामयचे शुल्क भरणे आणि दर मार्चमध्ये त्यांना नूतनीकरणाची आठवण करून देणे, हे काम महापालिकेने अंगावर घ्यावे, अशी माझी आयुक्तांना विनंती आहे. केंद्राने कायद्यातील विमा देईपर्यंत निदान आहे ते तरी सुटू नये.

आपल्या वाचकांना विनंती आहे की आज घरातील शिधापत्रिका काढून त्यावर आई-वडिलांचे व घरातील अपंग व्यक्तीचे नाव आहे का, कार्डाला १२ अंकी ऑनलाइन क्रमांक मिळालेला आहे का, आणि आधारला चालू मोबाइल जोडलेला आहे का, एवढे पाहावे. राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ हे क्रमांक विनाशुल्क आहेत. योजनेत सर्वच रुग्णालये नाहीत आणि काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठीच राखीव आहेत, तेव्हा दाखल होण्याआधी विचारून घ्यावे. आणि रुग्णालयाने अनामत मागितली तर पैसे काढण्याआधी आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारावे. आम्ही विचारले नाही.

आईचे नाव या पावसाळ्याआधी माझ्या कार्डावर चढले. मावशीच्या आधारवरील वयाचे काम अजून अडलेले आहे; येत्या सोमवारी तिला घेऊन मी पुन्हा आधार केंद्रात जाणार आहे, आणि या वेळी थोरल्या मुलाचा १९६९ चा जन्मदाखला सोबत नेणार आहे. तिथे काय उत्तर मिळते ते आपल्याला कळवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कारखाना कर्मचारी
पूर्व भाग, सोलापूर